इम्प्लांटवरची काढघालीची कवळी आहे आणि आता फिक्स दात करायचेत? मग आधी हे वाचा

खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेले टायटॅनियमचे स्क्रू, त्यावर दोन बटणं आणि वरून टक्कन बसणारी कवळी, असं ज्यांच्या तोंडात आहे त्यातल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी वाटायला लागतं की हे रोजचं काढणं-घालणं नको, एकदाचे फिक्स दात करून टाकू. मी डेंटल लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, पण कवळ्या आणि इम्प्लांटवरचे ब्रिज, म्हणजे एकसंध जोडलेले फिक्स दात, हेच माझं रोजचं काम आहे आणि कवळीवरून फिक्सवर जायची केस आली की ती नेमकी कुठे अडणार हे आमच्या टेबलावर बऱ्याचदा आधी दिसतं. म्हणून लिहितोय, स्वतःसाठी विचार करणाऱ्यांना आणि आई-बाबांना घेऊन क्लिनिकच्या चकरा मारणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

सगळे पहिल्यांदा हेच विचारतात की दोन इम्प्लांट आहेतच ना, मग त्यावरच फिक्स करा की. नाही होत तसं. सध्याची कवळी त्या दोन बटणांना फक्त धरून असते, चावताना जोर येतो तो बराचसा हिरडीवर, विशेषतः मागे दाढांच्या जागी. फिक्स दातांमध्ये हिरडीवर भार टाकायचाच नसतो, सगळा जोर इम्प्लांटवर, म्हणून पूर्ण जबड्याला खाली कमीत कमी चार आणि वर चार ते सहा इम्प्लांट लागतात, वरचं हाड मऊ असतं म्हणून वर जास्त. १९६५ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला संशोधक डॉक्टर ब्रॉनेमार्क यांनी ज्या पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले त्याच्याही खालच्या जबड्यात चारच होते, आणि पुढे लिस्बनचे डेंटिस्ट पाउलो मालो यांनी ऑल-ऑन-फोर म्हणून जी पद्धत आणली तीही चारवरच. दोनवर पूर्ण जबडा फिक्स करून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ उठून या.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा, खरंच फिक्सची गरज आहे का. बऱ्याच लोकांची तक्रार असते की कवळी सैल झाली, बोलताना हलते, खाली दाणे अडकतात, आणि कवळी उलटी करून बघितली तर आत धातूच्या टोपीतलं नायलॉनचं रंगीत रिंग पार झिजून गुळगुळीत झालेलं असतं. लोकेटर प्रकारच्या बटणात ही रिंग वेगवेगळ्या पकडीची येतात, निळं सैल, गुलाबी मधलं, पारदर्शक घट्ट, आणि ती झिजणारच म्हणून बनवलेली असतात, साधारण वर्षाच्या आसपास बदलावी लागतात. बदलायला क्लिनिकमध्ये काही मिनिटं लागतात. काही कवळ्यांमध्ये तर लॅबमध्ये काम करताना वापरायचं काळं रिंगच तसंच राहिलेलं सापडतं, ते कधी पकड देण्यासाठी नसतंच. दुसरं कारण म्हणजे मागची हिरडी दबून कवळीखाली पोकळी झालेली असते, मग कवळी दोन बटणांवर मागेपुढे झोके घेते, ती रिलाइन केली, म्हणजे आतून नवीन थर देऊन हिरडीला नीट बसती केली, की बरीच स्थिर होते. रिंग नवीन आणि रिलाइन केलेली अशी कवळी दोन-तीन महिने वापरून बघा आणि तरीही फिक्सच हवं असेल तर पुढे चला.

आता कागदपत्रं. तुमच्या तोंडातले इम्प्लांट कुठल्या कंपनीचे, कुठल्या सिस्टिमचे, जाडी किती, लांबी किती, प्लॅटफॉर्म म्हणजे वरच्या जोडणीचा साइज कोणता, हे लिहिलेलं कार्ड किंवा डब्यावरचे स्टिकर जुन्या डॉक्टरांकडून मिळवा. हे काम आधीच करा कारण क्लिनिक बंद होतं, डॉक्टर गाव बदलतात, फाइल सापडत नाही. प्रत्येक कंपनीचं आतलं कनेक्शन वेगळं, स्क्रू वेगळा, ड्रायव्हर वेगळा, आणि सिस्टिम माहीत नसेल तर एक्स-रेमध्ये इम्प्लांटचे आटे आणि मानेचा आकार बघून ओळखावं लागतं, ते जमतं पण वेळ जातो आणि कधीकधी त्या सिस्टिमचे पार्ट आपल्याकडे मिळतच नाहीत. मग चांगला घट्ट बसलेला इम्प्लांटही वापरता येत नाही, आणि असं होताना बघून खरंच वाईट वाटतं कारण ज्याच्या तोंडात तो आहे त्याची काहीच चूक नसते.

त्यानंतर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. साधा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, यासाठी पुरत नाही. यात जुन्या इम्प्लांटभोवती हाड किती राहिलंय ते दिसतं, खाली नस कुठून जाते आणि वर सायनस किती खाली उतरलाय तेही कळतं. खालच्या जबड्यात एक अडचण हमखास येते ती सांगतो. कवळीसाठीचे दोन इम्प्लांट बहुतेक वेळा सुळ्यांच्या जागी असतात. ऑल-ऑन-फोरमध्ये मागचे दोन इम्प्लांट नसेला चुकवायला तिरपे घालतात, दाताच्या बाजूने ते मागे उघडतात पण हाडाच्या आत त्यांचं टोक पुढे झुकतं, नेमकं सुळ्याच्या दिशेने, आणि तिथे आधीच तुमचा जुना इम्प्लांट उभा असतो. म्हणजे अजून दोन टाकले की झाले चार हे गणित कागदावर सोपं पण हाडात जागा असेलच असं नाही. मग डॉक्टर नसेच्या मागे हाडाची उंची असेल तर तिथे आखूड इम्प्लांटचा विचार करतात किंवा जुना इम्प्लांट वापरातून बाद करून वर झाकणाचा स्क्रू लावून हिरडीखाली झोपवतात. असं काही सांगितलं तर फसवतायत असं लगेच समजू नका, स्कॅनवर दाखवायला सांगा, दाखवतील.

जुन्या इम्प्लांटचा कोनही बघावा लागतो. कवळीखाली इम्प्लांट थोडा जिभेकडे किंवा ओठाकडे असला तरी वर ॲक्रिलिकचा, म्हणजे कवळीच्या प्लॅस्टिकचा, जाड थर असतो, सगळं झाकून जातं. फिक्स ब्रिज मात्र स्क्रूने बसतो आणि त्या स्क्रूचं भोक दाताच्या चावायच्या बाजूला किंवा आतल्या बाजूला यायला हवं, ते पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूला आलं तर काय करणार. यासाठी मल्टि-युनिट अबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि ब्रिजच्या मधले जोडतुकडे असतात, सरळ असतात तसे १७ आणि ३० अंशांचेही असतात, त्यांनी कोन सुधारतो, पण त्यांनाही उंची लागते.

आणि आता उंची. याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण फिक्सच्या केसेस इथेच सगळ्यात जास्त फसतात. इम्प्लांटच्या डोक्यापासून समोरच्या जबड्यातल्या दाताच्या टोकापर्यंत किती जागा आहे ते मोजायचं. लोकेटरवरची कवळी साधारण ९ मिलिमीटरच्या आसपासही बसून जाते, बटण बुटकं असतं. टायटॅनियमचा बार, म्हणजे इम्प्लांटना जोडणारी धातूची पट्टी, आणि त्यावर ॲक्रिलिकचे दात असा फिक्स ब्रिज करायचा तर साधारण १५ मिलिमीटर लागतात, झिर्कोनिया या सिरॅमिकला थोडी कमी चालते पण तीही १० ते १२ तरी हवी. जागा कमी असताना ओढूनताणून ब्रिज केला तर बारवरचा ॲक्रिलिकचा थर पातळ होतो, दात सुटून येतात, झिर्कोनिया असेल तर तडकतो. ज्यांचं हाड अजून चांगलं आहे त्यांच्याकडे ही जागा कमी असते, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. नवीन केस असती तर डॉक्टर आधी हाड थोडं तासून सपाट करतात आणि मग इम्प्लांट खाली बसवतात, पण तुमचे दोन तर आधीच जुन्या उंचीवर बसलेत, त्यांच्याभोवतीचं हाड तासलं तर आटे उघडे पडतील. त्यामुळे कधीकधी पूर्ण चांगले इम्प्लांट असूनही काढावे लागतात किंवा फिक्सचा बेत सोडावा लागतो. हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं, आणि कळतंही, सध्याच्या कवळीची ड्युप्लिकेट करून किंवा ती स्कॅन करून सीबीसीटीवर ठेवली की जागा मिलिमीटरमध्ये मोजता येते. तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, माझ्याकडे जागा किती आहे आणि तुम्ही जे बसवणार त्याला किती लागते. दोन आकडे मागायचे आणि लिहून घ्यायचे.

वरच्या जबड्याचं फिक्स असेल तर ओठाचं बघणं फार गरजेचं आहे. दात जाऊन बरीच वर्षं झाली की वरचं हाड आत जातं आणि ओठाला पुढून जो भर मिळतो तो कवळीच्या गुलाबी पाखाचा, म्हणजे ओठाच्या आत हिरडीवर चढणाऱ्या कडेचा असतो. फिक्स ब्रिजला ते पाख ठेवता येत नाही, ठेवलं तर खाली साफच करता येणार नाही, आणि पाख गेलं की काहींचा वरचा ओठ एकदम बसतो, चेहरा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. यावर सोपी चाचणी आहे. कवळीची ड्युप्लिकेट बनवून तिचं पुढचं पाख कापून टाकायचं आणि ती तोंडात घालून समोरून, बाजूने फोटो काढायचे, नेहमीच्या कवळीचे फोटो शेजारी ठेवायचे आणि घरच्यांना दाखवायचे. सोबत मोठ्याने हसतानाचा फोटोही काढा, कारण ब्रिजची गुलाबी कड आणि खरी हिरडी जिथे मिळते ती रेघ हसताना दिसली तर कितीही चांगलं काम केलं तरी खोटं वाटतं. लॅबसाठी ही ड्युप्लिकेट म्हणजे थोडंसं काम आहे, मागायला संकोच करू नका.

समोरच्या जबड्यात काय आहे हेही बघा, हे फार कमी लोक विचारतात. वर साधी हिरडीवरची कवळी आणि खाली फिक्स दात, असं झालं की खालून जोर प्रचंड वाढतो आणि तो वरच्या सैल कवळीवर, त्यातही पुढच्या भागात जास्त आला तर तिथलं हाड झिजायला लागतं, हिरडी लिबलिबीत होते, वरची कवळी सारखी निसटते. म्हणजे खालचं दुखणं वर गेलं. दात जुळवताना मागे दोन्ही बाजूंना सारखा जोर येईल असं करावं लागतं, वरच्या कवळीची नियमित तपासणी लागते आणि काही वर्षांनी वरही इम्प्लांट लागू शकतात, तो खर्च आजच डोक्यात धरा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर सगळ्यात शेवटी निर्णय हातांवर यायला हवा. फिक्स दात बाहेर काढून नळाखाली धुता येत नाहीत, खालून दोरा घालायचा, छोटे ब्रश घालायचे, पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन वापरायचं, आणि हे रोज, आरशासमोर उभं राहून. बोटं संधिवाताने वाकली असतील, हात थरथरत असतील, नजर कमी असेल किंवा घरात दुसऱ्या कोणाला तोंड साफ करून द्यावं लागत असेल तर काढता येणारी कवळी खूप बरी, अशा माणसाला फिक्स करून देणं मला पटत नाही. मॉन्ट्रियलला केलेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्याच लोकांना आळीपाळीने दोन्ही प्रकारचे दात वापरायला दिले आणि मग हवं ते निवडा म्हटलं, तर निवड जवळपास अर्धी-अर्धी झाली, ज्यांना चावायला घट्टपणा हवा होता त्यांनी फिक्स घेतलं आणि ज्यांना स्वच्छता सोपी हवी होती त्यांनी काढता येणारं. मधला रस्ता पण आहे, चार इम्प्लांट घालून त्यावर बार आणि बारवर घट्ट बसणारी कवळी, ती हलत नाही, टाळू मोकळा ठेवता येतो आणि रात्री काढून धुताही येते. ज्यांची ओठाची चाचणी नापास झाली त्यांच्यासाठी तर मी आधी हेच सुचवेन.

तब्येतीचं थोडक्यात. तीन महिन्यांची शुगर आधी आटोक्यात आणा. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन चालू असेल तर ते डेंटिस्टना नक्की सांगा, त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, फिजिशियनना विचारूनच काय ते करा. सिगरेट, तंबाखू बंद, आणि मिश्री पण बंद, आपल्याकडे कितीतरी आज्या-मावश्या दात गेल्यावरही हिरडीला मिश्री लावतात आणि तंबाखूचं विचारलं तर नाही म्हणतात कारण मिश्रीला त्या तंबाखू धरतच नाहीत, तेव्हा वेगळं विचारा.

सगळं जमतंय असं ठरलं की काम कसं पुढे सरकतं ते सांगतो. नवीन इम्प्लांट घातल्यावर ते हाडात ३५ न्यूटन सेंटिमीटर (हे आवळायच्या जोराचं माप) किंवा जास्त घट्ट बसले असतील तर दोन-तीन दिवसांत टेम्पररी फिक्स दात देता येतात. बऱ्याचदा तुमचीच जुनी कवळी यासाठी वापरतात, तिला इम्प्लांटच्या जागी भोकं पाडून त्यात टायटॅनियमच्या नळ्या ॲक्रिलिकने पक्क्या करतात, पाखं आणि टाळूचा भाग कापून टाकतात, खालची बाजू गोल करून पॉलिश करतात आणि स्क्रूने बसवतात. इम्प्लांट तेवढे घट्ट नसतील तर थांबायचं, खाली साधारण तीन महिने, वर चार ते सहा, तोवर जुनी कवळी आतून मोकळी करून आणि मऊ अस्तर लावून वापरायची. लगेच दात मिळाले तरी पहिले दोन महिने मऊच खायचं, वरणभात, खिचडी, उपमा, मऊ पोळी कुस्करून, आणि हे काटेकोर पाळा कारण या काळात इम्प्लांट हलला तर हाड त्याला धरतच नाही. दुखत नाही म्हणून चकली खाऊन बघितली असं करू नका.

टेम्पररीचे महिने फार कामाचे असतात, नुसते ढकलू नका. दात लांब वाटतात का, गाल चावला जातो का, बोलताना हवा कुठून निसटते, सगळं लिहून ठेवा. साठ ते सत्तर मोठ्याने मोजा, मग फणस, फुफ्फुस, सासूबाई असे शब्द म्हणा, स नीट येत नसेल किंवा फ ला ओठ अडखळत असेल तर पुढच्या दातांची जागा किंवा लांबी बदलावी लागते आणि हे टेम्पररीवर ॲक्रिलिक लावून-घासून जमतं, झिर्कोनियावर जमत नाही. टेम्पररी पूर्ण आवडल्याशिवाय फायनलला हो म्हणू नका, आणि आवडली की तिचाच स्कॅन करून तसेच दात द्या म्हणून सांगा.

फायनलचं माप घेताना सगळे इम्प्लांट एका जिगने, म्हणजे माप बरोबर आलंय का बघायच्या सांगाड्याने, जोडून तपासतात. नंतर बार आला की एक टेस्ट असते, शेफिल्ड टेस्ट म्हणतात, एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट करायचा आणि दुसरं टोक उचललं जातंय का बघायचं. केसाएवढी जरी फट दिसली तरी बार कापून परत जोडायचा किंवा नवीन करायचा. सगळे स्क्रू जोर लावून आवळले की फट बंद झाल्यासारखी दिसते खरी, पण तो ताण मग कायम इम्प्लांटवर राहतो, स्क्रू सैल होतात, तुटतात. ही ट्रायल चुकवून घाई करा असं पेशंटनी कधीच म्हणू नये, लग्नाची तारीख जवळ आली असली तरी.

शेवटच्या इम्प्लांटच्या मागे किती दाढा हव्यात हेही आधी बोलून घ्या. मागे आधाराशिवाय लटकणारा भाग म्हणजे इमारतीच्या सज्ज्यासारखा, जितका लांब तितका मुळाशी ताण, म्हणून तो साधारण १० ते १५ मिलिमीटरच्या आत ठेवतात. त्यामुळे फिक्समध्ये कवळीपेक्षा एखादी दाढ कमी मिळते. दाढ कमी का दिली म्हणून भांडणं होतात, पण ती तुमच्याच भल्यासाठी कमी असते.

मटेरियलमध्ये मला विचाराल तर पहिल्यांदा फिक्सवर येणाऱ्याला, आणि समोरच्या जबड्यात कवळी किंवा स्वतःचे दात असतील तर, टायटॅनियम बारवर ॲक्रिलिक दात हे चांगलं. ते झिजतात, अधूनमधून एखादा दात सुटतो, पण दुरुस्ती एक-दोन दिवसांत होते. झिर्कोनिया दिसायला सुंदर, डाग धरत नाही, वास धरत नाही, पण तुटला तर बहुतेक वेळा नवीनच करावा लागतो आणि वजनालाही जड. रात्री दात खायची सवय असेल तर दोन्हीवर नाइट गार्ड हवंच.

एस्टिमेट घेताना एकच मोठा आकडा घेऊन घरी येऊ नका. नवीन इम्प्लांट, हाडाचं ग्राफ्ट (हाडाची भर) लागलं तर ते, मल्टि-युनिट, टेम्पररी, फायनल, नाइट गार्ड, आणि पुढे स्क्रू बदलायचे-साफ करायचे किती, सगळं वेगळं लिहून मागा. शक्यतो प्रोस्थोडोंटिक्स म्हणजे कृत्रिम दात बसवायच्या शाखेत एमडीएस केलेल्या डॉक्टरांचं मत घ्याच, कारण हे काम दातांपासून सुरू होऊन हाडाकडे जातं. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, संभाजीनगरचं सरकारी डेंटल कॉलेज, मुंबईतलं नायर डेंटल, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, इथे प्रोस्थो विभागात जाऊन विचारता येतं, वेळ जास्त लागतो पण तिथे केस शिकवायची म्हणून नीट तपासली जाते.

बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने साफ करून दाखवा. ब्रिजची खालची बाजू गोलसर हवी, दोरा एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने सहज निघायला हवा, कुठे अडकत असेल तर तेव्हाच परत काढून लॅबला पाठवायला सांगा, नंतर कोणी लक्ष देत नाही. सहा महिन्यांनी तपासणी, वर्षाला एक्स-रे. चावताना टक असा आवाज आला, एका बाजूने हलल्यासारखं वाटलं किंवा दोरा काढल्यावर त्याला घाण वास आला की लगेच जा, दुखायची वाट बघू नका, इम्प्लांटला दाताची नस नसते त्यामुळे दुखेपर्यंत हाड बरंच गेलेलं असू शकतं. स्क्रूची भोकं टेफ्लॉन टेप आणि वर कॉम्पोझिटने बुजवलेली असतात, त्यातलं कॉम्पोझिट पडलं तर घाबरू नका, पुन्हा भरतात.

आणि टेम्पररी ब्रिज क्लिनिकमध्ये सोडून येऊ नका. तो त्याच मल्टि-युनिटवर बसतो, म्हणून पुढे कधी फायनल दुरुस्तीला लॅबमध्ये आला तर तेवढे दिवस तोच लावता येतो. डब्यात पाण्यात ठेवा, कोरडा ठेवला तर ॲक्रिलिक वाकडं होतं, आणि डब्यावर इम्प्लांटची कंपनी, साइज आणि तारीख लिहून चिकटवा.